उजव्या पायाचं माप

पाक दार्मोनं माझ्या उजव्या घोट्यापाशी टेप धरला, आकडा वाचला, आणि तो वहीत उतरवायच्या ऐवजी टेप पुन्हा वर मांडीशी नेला. शिंप्यानं एकच माप दोनदा घेतलं की समजावं, आपल्या शरीरात काहीतरी घडलंय आणि ते आपल्याआधी त्याला कळलंय. बाजाराच्या मागच्या गल्लीत बसून या माणसानं तीस वर्षं जावा बेटावरच्या अख्ख्या सोलो शहराची पोटं मोजली आहेत; मानानं सगळे त्याला पाक, म्हणजे काका, म्हणतात. क्रीडा कार्यालयाच्या साहेबांचं पोट त्याच्या वहीत सालवार नोंदलेलं आहे. त्यांना बढती कधी मिळाली ते त्यावरून सांगता येतं. बायको गेल्यावर कोण वाळलं आणि कोण दोन महिन्यांत सुधारलं, तेही वहीत आहे, फक्त कुणी विचारत नाही. आणि वाईट बातमी तो वाईट म्हणून कधीच सांगत नाही. आमच्याकडे कुणीच सांगत नाही. आम्ही ती आधी चहात बुडवतो.

"पोरा, अभिनंदन," तोंडातल्या टाचण्या न काढता तो म्हणाला.

"कशाबद्दल, पाक?"

"पाय वाढला तुझा."

"एकतिसाव्या वर्षी?"

"मला काय विचारतोस, वहीला विचार." त्यानं अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली. "हे बघ. वियोनो, लग्नाची विजार. सहा वर्षांपूर्वी. डावा शहात्तर, उजवा साडेअडुसष्ट. आज डावा शहात्तर, उजवा साडेएकोणसत्तर. फरक साडेसात होता, साडेसहा राहिला. टेप तोच, माणूस तोच, खुर्चीसुद्धा तीच. देव दयाळू आहे."

मी हसलो. अशा वेळी आमच्याकडे हसायचंच असतं. पण उंच उडीचा बार स्टँडवरून निसटताना आवाजाच्या आधी पाठीला जे कळतं, तसलं काहीतरी कळलं. सात. अपंग खेळाडूंच्या स्पर्धेतल्या आमच्या वर्गाचा नियम एका ओळीचा आहे: एक पाय दुसऱ्यापेक्षा निदान सात सेंटिमीटर आखूड पाहिजे. सातला माणूस खेळाडू, पावणेसातला नुसता लंगडा. आणि चार दिवसांपूर्वीच पत्र आलं होतं की स्पर्धेच्या दोन दिवस आधी माझी तपासणी पुन्हा होणार. बारा वर्षांनी. स्पर्धा या वेळी आमच्याच शहरात, विजारही तिच्याच संचलनासाठी. बाकी खेळाडूंना तयार विजारी मिळाल्या होत्या, मला मात्र दोन निरनिराळ्या पायांची लागते. दहा दिवसांनी परदेशातून येणारी कुणी डॉक्टर मला टेबलावर निजवणार, असाच टेप लावणार, आणि तिच्या तोंडात टाचण्या नसणार.

स्कूटरवरून घरी येताना प्रत्येक दुकानाच्या काचेत मी माझं लंगडणं पाहू लागलो. मग लक्षात आलं, स्कूटरवर माणूस लंगडत नाही. तरी पाहतच होतो. आठव्या वर्षी मालमोटारीनं सायकल उडवली, हाड सांधलं, पण गुडघ्याजवळ ज्या जागेतून पाय वाढतो तीच जागा मेली. आई दर ईदला मला दाराच्या चौकटीशी उभं करी. डावा पाय वाढायचा, उजवा नुसता बघत राहायचा. मग ती माझ्या चपलेत जुन्या लुंगीची घडी घाली, आधी एक पदर, मग दोन, पुढे रबर, पुढे लाकूड. मुलगे फुटबॉलला घेत नसत म्हणून मी मुलींत खेळायचो. रबरबँडांची ओवलेली लांब दोरी दोघींनी धरायची, आणि ओलांडायची: आधी गुडघ्याला, मग कमरेला, छातीला, कानाला, डोक्याला. सगळ्यात शेवटी दोघी हात वर ताणून दोरी धरायच्या, आणि त्या उंचीला म्हणायचे मर्डेका, म्हणजे स्वातंत्र्य. गल्लीत ती उंची मी एकटा ओलांडायचो. डावा पाय रेटायचा आणि आखूड पाय वर भिरकावला की तो हलका असल्यामुळे माझ्याआधी पलीकडे पोचायचा. मुली म्हणायच्या, याचा पाय चोर आहे. पुढे तोच चोर मला पाच देश फिरवून आणणार होता, सरकारी घर देणार होता, आणि माझ्या कोच लास्त्रीबाईंच्या, आमच्या बोलीत बू लास्त्रींच्या, मैदानात एक मीटर चौऱ्याऐंशीची उडी. धडधाकट लोकांच्या स्पर्धेत त्या उंचीवर बार लावायला सुरुवातसुद्धा होत नाही. म्हणजे या वर्गातून बाहेर पडलो तर मी कुठल्याच वर्गात नाही, हा हिशेब मी काही त्या दिवशी पहिल्यांदा केला नाही. त्या दिवशी फक्त उत्तराखाली रेघ मारली.

घरी सुलास चटई अंथरून बसली होती. संध्याकाळची नमाज झाली की ती एकच शब्द म्हणते, "पाय." खोबरेल तेलात किसलेलं आलं कोमट करून ठेवलेलं असतं. मालीश हा तिच्या घरचा धंदा. तिची आई बाळंतिणींना चोळते, आजी अर्ध्या मोहल्ल्याची कंबर सांभाळून होती. लग्नाच्या दुसऱ्या रात्री तिनं माझा उजवा गुडघा हातात घेतला होता, दागिना पारखावा तसा फिरवून पाहिला होता, आणि म्हणाली होती, हा वाकडा राहिलाय, कुणी हातच लावला नाही याला. मी झोपलो की गुडघ्याखाली तिची मूठ मावायची. तेव्हापासून सहा वर्षं, रोज. पहिल्या वर्षी मुठीची चार बोटं झाली, मग तीन. दर वेळी ती बोटं घालून पाहायची आणि तिच्या तोंडावर असं काही यायचं की पदकाच्या वेळी माझ्या तोंडावरही आलं नसेल. गेल्या ईदला दोन बोटं. "अजून एक," ती म्हणाली होती, "मग तुझा पाय चटईला टेकेल, आणि मी मरायला मोकळी." हे सगळं मला माहीत होतं. बोटं मीच मोजत होतो. पण गुडघा जितका सरळ होतो तितका पाय लांब भरतो, हे दोन अधिक दोन मी सहा वर्षांत कधी मांडलं नाही. हिशेबी माणूस म्हणून मैदानावर माझी चेष्टा होते, आणि स्वतःच्या घरातली ही बेरीज मात्र शिंप्यानं करून दिली.

"आज नको," मी म्हणालो.

"का? ताप आहे?"

"बू लास्त्री म्हणाल्या, स्पर्धेआधी स्नायू ढिले नकोत."

"त्यांनी आयुष्यभर लोखंडी गोळे फेकले. स्नायूंचं त्यांना काय कळतं?" तेलाची वाटी तिच्या हातातच होती. "दोन मिनिटं चोळते. नुसता वरवर."

"नको म्हटलं ना."

आवाज चढलाच. सुलासनं वाटीवर झाकण ठेवलं, हात पदराला पुसले, आणि कुणाशी बोलतेय ते न दाखवता म्हणाली, "हात खरखरीत झाले असतील माझे." मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की सहा वर्षं ती माझ्या पायातून काय काढून घेत होती. ते मला तिला द्यायचं नव्हतं. निदान तेव्हा मी स्वतःची अशी समजूत घातली. खरं कारण मला रात्रभर दिसत राहिलं आणि मी कूस बदलत राहिलो: ती दहा दिवस थांबली, तर गुडघा आपला आपण पुन्हा आखडेल. मला काहीच करावं लागणार नाही.

मैदानावर मी गोष्ट लास्त्रीबाईंपुढे चहासारखी ठेवली, हळू, बशीत. बाई गोळाफेक करायच्या. डावा हात कोपरापासून नाही, आणि उजव्या हातानं त्या अजून कुणाचाही कान पकडू शकतात.

"शिंप्याच्या टेपवर जगायला लागलास?" त्या हसल्या. "उद्या मासळीवालीच्या काट्यावर वजन करून ये." मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, नंतर मैदानाकडे. "हे तू मला सांगितलं नाहीस."

"आत्ताच सांगितलं, बू."

"नाही सांगितलंस. मी ऐकलं नाही. टेबलावर सरळ कर म्हटलं की सरळ करायचा. मुद्दाम आखडलास आणि पकडला गेलास तर घरी बसशील, आणि तुझ्याबरोबर अख्ख्या चमूकडे बोट दाखवतील. कोच म्हणून एवढंच सांगते."

"आणि तुम्ही कोच नसता तर?"

"नसते, तर म्हणाले असते, माझ्याकडे तुझ्याशिवाय उंच उडीला कुणी नाही." त्यांनी शिटी ओठांत धरली. "जा. एक सत्तर लाव. आणि पाय कमी बघ, बार बघ."

मी बार पाहिला. बार कितीही चांगला असला तरी मधे केसभर झुकतो, म्हणून तो टोकांशी मोजत नाहीत, मधोमध मोजतात, जिथे तो सगळ्यांत खाली असेल तिथे. बारचं किती बरं आहे. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू आपणहून झुकलास की मुद्दाम. नऊ पावलांची माझी धाव. लंगडणं धावताना जात नाही, तालात बसतं, लांब-आखूड, लांब-आखूड, शेवटच्या तिनात घाईचं. पण त्या दिवशी प्रत्येक आखूड पावलाला मी ऐकत होतो. हे माझं आहे की मी करतोय? तपासणीवाले टेबलावर मोजून थांबत नाहीत, नंतर मैदानाच्या कडेला बसून बघतात, हा कसा चालतो, चप्पल कशी घालतो, कुणी बघत नसताना कसा चालतो. म्हणजे कुणी बघत नसताना मला तसंच चालायला हवं जसं कुणी बघत असताना. मग कुणी बघत नसणं उरलं कुठे? एक सत्तरचा बार मी टाचेनं पाडला. पाचदा. बाईंनी शिटी गळ्यातून काढून खिशात टाकली.

बारा वर्षांपूर्वीचं टेबल आठवायचा मी तेव्हापासून प्रयत्न करतोय. परकं शहर, थंड खोली, अंगाखाली करकरणारा कागद. एकोणीस वर्षांचा होतो, घराबाहेर पहिल्यांदा. गोऱ्या डॉक्टरनं काहीतरी विचारलं. आमच्या चमूचे व्यवस्थापक बाजूला कोट घालून उभे होते, वडिलांच्या वयाचे, त्यांनी आमच्या बोलीत विचारलं, अगदी मानाच्या भाषेत, जी माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं: पाय पूर्ण सरळ केला आहे ना? मी होय म्हणालो. मोठ्या माणसानं विचारलं की आधी होय म्हणायचं, प्रश्न नंतर समजून घ्यायचा, असंच आम्हाला वाढवतात. नाही हा शब्द आमच्या तोंडात असतो, पण तो वडील मंडळी उठून गेल्यावर बाहेर येतो. गुडघा तेव्हा पूर्ण सरळ होता का? जितका होत होता तितका होता का? का माझी एक मांडी धाकानं आवळलेली होती, आणि कुणी म्हटलं असतं, पोरा, भिऊ नको, सोड, तर तो आणखी बोटभर गेला असता? टेपवर आलं सात पूर्णांक चार. व्यवस्थापकांनी पाठ थोपटली. पाच देश, सरकारी घर, सुलास, तिच्या बापानं मुलगी दिली ती खेळाडूला दिली, सगळं त्या एका होयवर उभं आहे, आणि तो होय कशाचा होता ते मला ठाऊक नाही. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. निदान खरं काय ते माहीत असतं.

सहाव्या दिवशी चालताना गुडघा कुरकुरू लागला. आठव्या दिवशी सकाळी उठलो, गुडघ्याखाली बोटं घालून पाहिलं. तीन गेली. मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटायला जागाच उरली नाही; ती दुपारी आली, जेवताना. सुलासनं नारळाच्या दुधातला भात वाढला, वर आंबवलेल्या सोयाबीनच्या टेंपेच्या दोन चकत्या ठेवल्या, आणि म्हणाली, "लंगडतोयस जास्त."

"सरावामुळे."

"मला हात लावू दे ना."

"स्पर्धा होऊ दे."

"स्पर्धा झाली की देशील?"

मी होय म्हणालो. हाही त्यातलाच.

तपासणीची खोली हॉटेलात होती, गालिचा आणि गार हवा. या वेळची डॉक्टर बाई होती, माझ्याच वयाची असेल, चष्मा कपाळावर. दुभाषा लागला नाही. एवढी भाषा आता मला येते. तिनं कमरेच्या हाडावर शाईचा ठिपका काढला, घोट्याच्या हाडावर दुसरा, माणसाच्या पायावर नाही तर नकाशावर काढावा तसा. मी ठरवून आलो होतो. नऊ दिवस, नऊ रात्री एकच ठरवत होतो: पाय ताणायचा. अगदी ताणायचा, जाईल तिथपर्यंत, मग टेप काय म्हणायचं ते म्हणू दे. मी ताणला. मांडीला सांगितलं, ताण. पण नऊ दिवस आखडलेला गुडघा एका जागी येऊन थांबला, आणि त्या जागेला मी ओळखत नव्हतो. इथून पुढे दुखतं. दुखतं म्हणून जात नाही, की जात नाही म्हणून दुखतं? यापुढे रेटणं म्हणजे खरेपणा, की हाही एक आव? बाईनं तळवा गुडघ्यावर ठेवला आणि अलगद दाबला. हात मऊ होता, कोरडा, त्याला आल्याचा वास नव्हता. माझ्या तोंडून श्वास निसटला, खरोखरच निसटला, मी सोडला नाही. तिनं लगेच हात उचलला.

"सॉरी. एवढाच सरळ होतो का?"

खोलीत लास्त्रीबाई भिंतीशी उभ्या होत्या, छताकडे बघत. पुढ्यात कुणी वडीलधारं नव्हतं, कोट नव्हता, एकोणीस वर्षं नव्हती. होय आणि नाही यांच्यामध्ये मला तीन बोटं दिसत होती, सुलासची.

"होय," मी म्हणालो.

तिनं तीनदा मोजलं. सात पूर्णांक एक, सात, सात पूर्णांक एक. कागदावर सही झाली, आणि तिनं आनंदानं सांगितलं की आता माझा वर्ग कायम. यापुढे मोजमाप नाही, कधीच. जिन्यात लास्त्रीबाईंनी माझा कान पकडला, जोरात, आणि बराच वेळ सोडला नाही. लाड होता की शिक्षा, ते त्यांनी कळू दिलं नाही. मी मात्र त्या एका शब्दाशी अडलो होतो. कधीच. म्हणजे आता मला पकडणारं कुणी उरलं नाही, आणि सोडणारंही. यापुढे रोज, चटईवर, मैदानावर, दुकानांच्या काचांत, हा पाय सात पूर्णांक एक भरायला हवा, आणि ते बघायला मी एकटा.

दुसऱ्या दिवशी विजार आणायला निघालो तर सुलास म्हणाली, मीही येते, मला बाजारात काम आहे. तिला काम नव्हतं. माझा चेहरा वाचायचा होता. पाक दार्मोनं आम्हाला चहा दिला, मोगऱ्याच्या वासाचा, साखरेनं जड झालेला. पडद्यामागे मी विजार चढवली, उंच तळव्याचा बूट घातला, आरशापुढे आलो. डावा काठ बुटावर नीट टेकला होता. उजवा जमिनीवर घसटत होता. फार नाही. धुळीला लागेल इतका.

"असं कसं?" दार्मो गुडघ्यांवर बसला, टेप लावला, वही काढली. "साडेएकोणसत्तर शिवलंय. तू होतास साडेएकोणसत्तर. सरळ उभा राहा बघू."

"सरळच आहे, पाक. उजवा सहा मिलीमीटर कमी करा."

"सहा मिलीमीटर!" तो सुलासकडे वळला. "ऐक, ऐक. साहेबांच्या पोटाला मी दर वर्षी चार सेंटिमीटर सोडतो, ते हूं म्हणत नाहीत. आणि हा नवरीसारखा सहा मिलीमीटरसाठी विजार उसवायला सांगतोय. अरे, उद्या पाय मोकळा झाला, ताठ उभा राहिलास, की मोजा दिसेल."

"दिसू दे. वहीत पण बदला. अडुसष्ट पूर्णांक नऊ."

दार्मोचा पेन्सिलीचा हात थांबला. तीस वर्षांत त्याला कुणी माप सांगितलं नव्हतं. मापं तो सांगायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे, आणि त्याच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं. पण तो आमच्यातला माणूस आहे, त्यानं ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं आणि नवा आकडा वहीत उतरवला. उजवा काठ आत दुमडून त्यानं टाचणी लावली. मी आरशात पाहिलं. गुडघा किंचित मुडपून उभा राहिलो की काठ बुटावर जिथे हवा तिथे बसत होता. सरळ करायला गेलो की वर मोज्याची पांढरी रेघ दिसायची. मी मुडपला.

आरशात माझ्या मागे सुलास उभी होती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. त्या गुडघ्याची प्रत्येक शीर तिला अंधारातही सापडते. तो कधी आपणहून वाकतो आणि कधी वाकवलेला असतो, हे जगात एकाच माणसाला कळतं. तिनं गुडघ्याकडे पाहिलं, मग वहीतल्या दोन आकड्यांकडे, जुन्या आणि नव्या, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे. तळवे तिनं मिटले, जणू त्यात कुणीतरी काही ठेवायला दिलं होतं. मी काहीतरी बोलणार होतो. सगळंच बोलणार होतो, तिथल्या तिथे, शिंप्यासमोर.

"झालं," दार्मो उठला, पाठीला हात लावून. "बघ आता. बरोबर?"

"होय, पाक," सुलास म्हणाली, तिच्या सगळ्यात मानाच्या आवाजात. माझ्याआधी.